तबकडीवरचं नाव

१६ सप्टेंबर १९६७, देऊळघाट

आलो एकदाचा घरी. मलकापूरले गाडीतून उतरलो, यष्टीत गिटार मांडीवर उभी धरून बसलो, तरी कंडक्टर म्हणे का हिचं अर्धं तिकीट लागन. त्याच्याशी भांडलो. मुंबईपासून इथपर्यंत ज्याच्याशी बोललो त्याच्याशी भांडलोच. राग डोक्यातून उतरून नाही राह्यला.

ही डायरी कंपनीनं नव्या सालाले सगळ्या वाजवणाराईले वाटली होती. जानेवारीपासून कोरीच होती. आता रिकामा आहे तं लिहितो. मुंबईले जीभ वळवून 'मला, तुला' करावं लागते. इथं कागद माझा आहे, मले-तुलेच लिहीन, कोणाच्या बापाले भेत नाही.

भांडण झालं वामनरावाशी. वामनराव म्हणजे आमचे म्युझिक डायरेक्टर. कंपनीच्या निम्म्या मराठी तबकड्या त्यांच्या नावावर निघतात. रेकॉर्डिंगची रीत अशी आहे का सगळे वाजवणारे एका खोलीत, मधात माईक, लाल दिवा लागला का खोकलासुद्धा गिळायचा. एक चुकला का सगळे पहिल्यापासून. पण त्याच्या आधी तालीम असते. तालमीत वामनराव म्हणतात, "इंद्रभान, इथे बाई श्वास घेते, तेवढ्यात काहीतरी भर." मी भरतो. आन् जे भरतो ते त्या मिनिटापासून वामनरावाचं संगीत होते.

भक्तिगीतात मी भरतो. गिटार मांडीवर आडवी, हातात लोखंडी सळी, ती तारेवरून इतकी हळू सरकवतो का ऐकणारा हात जोडते. कोळीगीतात लाटा माझ्या. कव्वालीत टाळ्या थांबल्या का मधली जागा माझी. एका बालगीतात मांजर आहे, ते मांजर मी आहे. ह्या साली जी लावणी गाजून राह्यली तिच्या सुरवातीचा गिटारचा तुकडा टांगेवाले शिट्टीवर वाजवतात. शब्द कोणाले येत नाहीत, तुकडा सगळ्याईले येते. आन् तबकडीवर काय छापलं? गायिका अमुक, गीत तमुक, संगीत वामनराव. माझं नाव नाही. मांजराचंही नाही.

मी सगळ्याईसमोर म्हटलं, "माझं नाव छापा." ते हसले. म्हणे, "इंद्रभान, भाकरीवर जात्याचं नाव लिहितात का?" तबलजी हसला, व्हायोलिनवाले हसले, ज्याईच्या नावाचाही पत्ता नाही ते फिदीफिदी हसले. मी सळी पेटीत टाकली. म्हटलं, "नाव छापाल तेव्हाच हात लावीन. तोवर दळा तुम्ही."

गीताले, म्हणजे माझ्या बायकोले, हे सगळं सांगतलं. तिनं ऐकून घेतलं. मंग म्हणे, "ज्याचं आहे त्याचं नाव घालाले काय जाते त्याईचं?" घरात एक माणूस तरी समजदार आहे.

१९ सप्टेंबर

काल पुनव झाली. आमच्या अंगणात भुलाबाई बसली. आता कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी आन् बाया येतील, मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढं फेर धरून गातील, मंग डबा हालवून आतला खाऊ ओळखतील. आमच्याच अंगणात, कारण गाणं रचायले गीता लागते. दरसाली एक नवं गाणं. आन् बायाईचा नेम असा का कोजागिरी झाली का ते गाणं बंद. पुढच्या भादव्यापर्यंत कोणी तोंडात आणत नाही. ती चाल भुलाबाईची, तिच्यासोबत नदीत गेली, असं मानतात.

मले गोंगाटानं वैताग येते. पण ओसरीवर बसून गिटार काढली. मांडीवर आडवी ठेवून सळी फिरवली तं शेजारची मंजुळाबाई म्हणे, "इंद्रभान बापू, इस्त्री करून राह्यला का गाणं वाजवून राह्यला?" सगळ्या पोट्ट्या हसल्या. हसा म्हटलं. ह्याच इस्त्रीनं मुंबई गाजून राह्यली.

गोंगाटातच एक बरा तुकडा हाती लागला. असं मले नेहमी गावातच सुचते. इथली हवाच तशी आहे.

२४ सप्टेंबर

वामनरावाचं पत्र. वाचून आधी राग आला, मंग पुन्हा वाचलं.

लिहितात का कंपनीले आता नुसत्या गिटारवरची तबकडी काढायची आहे. चार चाली. एक भक्तिगीत, एक लावणी, एक कोळीगीत, आन् चौथी कोरी करकरीत, कोणी न ऐकलेली. पाकिटावर माझा फोटो, माझं नाव मोठ्या अक्षरात. दसऱ्यानंतर त्याईचा अकोल्याले कार्यक्रम आहे, येताना देऊळघाटले येतील, चौथी चाल ऐकतील, पसंत पडली तं करार.

शेवटी वाकला ना. माझ्याशिवाय अडलंच. अडला हरी गाढवाचे पाय धरी. हे लिहिलं आन् मंग ध्यानात आलं का ह्यात गाढव मी होतो. खोडत नाही. लिहिलं ते लिहिलं.

गीताले पत्र वाचून दाखवलं. "फोटो येईन तुमचा?" तिनं विचारलं. तिचा चेहरा खुलला होता. संध्याकाळी गोड शिरा केला तिनं. सहदेवले, माझ्या धाकट्या भावाले, मळ्यातून बोलावून आणलं. सहदेव म्हणे, "भाऊ, आता तुमचं नाव गाजते. माझ्या वांग्यावरही छापून घेतो, इंद्रभानाच्या भावाचे वांगे." चेष्टाही बरी वाटली आज.

आता फक्त एक चाल पाहिजे. ती काय, माझ्या बोटातच आहे.

२९ सप्टेंबर

आज इतका राग आला आहे का अक्षर वाकडं येऊन राह्यलं.

गीता आन् मंजुळाबाई बुलडाण्याच्या बाजारात गेल्या होत्या. तिथं हॉटेलवाल्यानं भोंगा लावला होता. त्याच्यावर ती लावणी लागली, आन् सुरवातीचा माझा तुकडा वाजला. मंजुळाबाई पिशवी टाकून रस्त्यातच उभी राह्यली म्हणे. तो तुकडा म्हणजे मागल्या सालची भुलाबाईची चाल. आन् त्याच्यावर ती बाई शालूचा पदर ढळल्याचं गाऊन राह्यली, आन् बाकड्यावर बसलेले माणसं शिट्ट्या मारून राह्यले. मंजुळाबाई देवळाच्या ओट्यावर सगळ्या गल्लीसमोर बोलली, "आमच्या भुलाबाईले हॉटेलात नाचवलं ह्या घरानं."

मंग काय, संध्याकाळी बाया आल्या, पाट उचलला, भुलाबाई-भुलोजी उचलले आन् मंजुळाबाईच्या अंगणात नेऊन बसवले. एकीनंही माझ्याकडं पाह्यलं नाही.

जळतात साल्या. माझं नाव होऊन राह्यलं ते पाहवत नाही. ती चाल इथं साल-साल मातीत पडून राह्यली असती. एका महिन्यापुरती, चार पोट्ट्याईच्या तोंडात. म्या तिले मुंबईले नेली, गिटारवर चढवली, अख्ख्या महाराष्ट्राले ऐकवली. आन् हे उपकार!

गीता एकच बोलली. "मले इचारलं असतं तुम्ही."

म्हटलं, "इचारायचं काय त्यात? चाल काय कोणाच्या बापाची असते?"

ती भाकऱ्या थापायले बसली. तिनं बोलायले पाहिजे होतं. भांडली असती तं बरं वाटलं असतं.

एवढ्यात ध्यानात आलं का त्या तबकडीवर अजूनही वामनरावाचंच नाव आहे. बोंब माझ्या नावानं, आन् नाव त्याचं. माझा तुकडा चोरून स्वतःच्या नावावर खपवणारा तो माणूस सुखानं झोपून राह्यला असन. त्याले कोणी काही म्हणत नाही.

२ ऑक्टोबर

काही सुचलं नाही. वरची तार तुटली.

५ ऑक्टोबर

सकाळपासून बसलो. भक्तिगीत वाजवलं, लावणी वाजवली, कोळीगीत वाजवलं. ते बोटं आपोआप वाजवतात. चौथी चाल म्हटली का बोटं बैलासारखी अडून बसतात.

हे घर मले चावाले उठलं आहे. काय बदललं ते समजत नाही. गीता दळते, सारवते, भाकरी थापते, सगळं करते, पण घरात आवाज म्हणून नाही. मले वाटलं तब्येत बरी नसन. विचारलं. म्हणे, "बरी आहे."

सहदेव जेवाले आला होता. जेवता जेवता म्हणे, "भाऊ, वहिनी गुणगुणत होती तवा तुमची गिटार चालत होती. आता ती गप आहे तं तुमी बी गप." मले इतका संताप आला का त्याले म्हटलं, "तुले वांग्यातलं कळते ते बोल." तो म्हणे, "वांग्यातलंच बोलतो. बी नसन तं रोप कुठून येईन?" आन् वरून आणखी भाकरी मागून घेतली बेट्यानं.

वामनराव यायले आता दहा-बारा दिवसही नाहीत. चाल नाही झाली तं करार नाही. करार नाही तं नाव नाही. जन्मभर मांजर होऊन राहाचं का मी?

९ ऑक्टोबर

झाली. चाल मिळाली.

गीता रोज संध्याकाळी मंजुळाबाईच्या अंगणात जाते. मले वाटलं होतं बाया तिलेही घेणार नाहीत. पण तिले घेतलं. वाळीत फक्त मी. पुरुषानं परक्या अंगणात भुलाबाईच्या गाण्यापाशी उभं राहाचं नसते, पण मी गोठ्यामागच्या कुडाआड गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. पाय गेले. आतून गीताचा आवाज आला. घरी मुकी, आन् तिथं मोकळ्या गळ्यानं. त्याचाही राग आला.

ह्या सालचं नवं गाणं होतं.

अंगणी होती जाई बाई, जाई कोणी नेली?
घरच्याच माणसानं, रातोराती नेली.
दूरच्या गं बाजारात फूल माझं गेलं,
विचारलं तं म्हणे बाई, वाऱ्यानंच नेलं.

शब्दात काही दम नाही, फुलं चोरणाऱ्याचं काहीतरी. बायाईचा जीव असल्याच गोष्टीत. 'घरच्याच माणसानं' आलं का सगळ्या हसू हसू लोटपोट होत होत्या, एक म्हातारी तं खालीच बसली. त्यात हसण्यासारखं काय होतं कोणास ठाऊक. पण चाल! दुसऱ्या ओळीत ती जी खाली उतरते आन् उतरता उतरता थांबते, तिथं माझ्या अंगावर काटा आला. ती गिटारचीच चाल आहे. सळीशिवाय तो उतार दुसऱ्या कशानं निघणारच नाही. गीताले ते कुठून समजणार?

तीन फेर ऐकले. चौथ्या वेळी मंजुळाबाईची म्हैस माझ्याकडं मान वळवून हंबरायले लागली, मंग निघालो. घरी येऊन लगेच बसवली. बाया येईपर्यंत सगळी बोटात होती.

१४ ऑक्टोबर

सगळं लिहितो. नाही लिहिलं तं कोणाच्या तरी डोक्यात गिटार घालीन.

वामनराव मोटारीनं आले. अंगणात सतरंजी टाकली, सहदेवही येऊन बसला. मी तिन्ही जुन्या चाली वाजवल्या, त्याईनं मान हालवली. मंग चौथी. वाजवून झाली तं वामनराव सतरंजीवर पुढं सरकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाच्या डोळ्यात मले माझ्याबद्दल काहीतरी दिसलं.

"ही तुझी?"

"माझीच," म्हटलं.

तेवढ्यात गीता चहा घेऊन आली. वामनरावाले रीत पाळायची हौस फार. म्हणे, "वहिनी, तुम्हाला कशी वाटली? घरचं माणूस खरं सांगतं."

गीता म्हणे, "चांगली वाजवली. पण अर्धी आहे. चौथा फेर वर जाते, तो नाही तिच्यात."

वामनरावानं कप खाली ठेवला. "म्हणजे तुम्हाला ही येते?"

"भुलाबाईची आहे," ती म्हणे.

मले वाटलं आता जमीन फाटन तं बरं. पण वामनराव उलटे खूश. मांडीवर थाप मारून म्हणे, "अरे, मग आधी सांगायचंस. लोकगीत आहे तर. लोकगीताला धनी नसतो, इंद्रभान. 'चाल: पारंपरिक' छापू, 'संगीत संयोजन: वामनराव' छापू, आणि गिटार तू. तुझं नाव येणारच, फोटोही येणार. पण चाल तुझी म्हणून नाही छापता यायची."

म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा संगीत त्याचं आन् मी जातं. मी उठून उभा राह्यलो. ओरडलोच. "पारंपरिक कशी? कोणाच्या आजीनं नाही म्हटली ही. नवी आहे. ह्याच महिन्यात रचली."

"कोणी रचली?"

वामनरावानं कराराचा कागद काढून मांडीवर ठेवला.

वामनराव शांतपणे म्हणे, "सांग ना. ज्यानं रचली त्याचं नाव घालतो. आत्ता, ह्या कागदावर लिहून देतो. माझं काढून टाकतो वाटलं तर. नाव सांग फक्त."

गीता दारात रिकामी थाळी धरून उभी होती. माझ्याकडंच पाहून राह्यली होती. सहदेवही.

आता मी काय सांगणार होतो? माझं म्हटलं असतं तं ही समोर उभी. आन् हिचं काऊन सांगावं? गिटारवर चढवली कोणी? तो उतार सळीवर काढला कोणी? पाकिटावर मोठ्या अक्षरात बायकोचं नाव आन् खाली बारीक 'गिटार: इंद्रभान', मुंबईचे वाजवणारे मले रस्त्यानं चालू देतील का? इतके वर्षं ज्या नावासाठी मरून राह्यलो, ते नेमकं माझ्याच घरात, माझ्याच चुलीपाशी दुसऱ्याले द्यायचं?

म्हटलं, "छापा पारंपरिक."

वामनरावानं तसं लिहून कागद माझ्याकडं सहीले ठेवला. जाता जाता त्याईनं गीताले विचारलं, "तो चौथा फेर म्हणून दाखवता?"

ती म्हणे, "नाही. तो इथंच राहू द्या."

वामनरावाच्या मोटारीमागं सहदेव मळ्यात निघून गेला, चहा तसाच ठेवून. ह्याले काय झालं आता? सगळे मिळून माझ्यावर उलटले. तिनं एक वाक्य बोलाचं होतं, का ही ह्याईचीच चाल आहे. घरच्या माणसानं एवढं करू नये? इतकी वर्षं कोणासाठी मरमर करतो मी?

१८ ऑक्टोबर

कोजागिरी. बाया भुलाबाई घेऊन नदीवर गेल्या. गीताही गेली. मी करारावर सही करून पोस्टात टाकली. उद्याच्या गाडीनं मुंबईले जातो. गीतानं शिदोरी बांधून ठेवली आहे, तिच्यात चटणी वेगळी, लोणचं वेगळं, सगळं नीट.

२८ डिसेंबर, देऊळघाट

तबकडी आली. काल घेऊन आलो.

पाकीट निळं आहे. वर माझा फोटो, मांडीवर गिटार, कोटात. खाली माझं नाव, इतक्या मोठ्या अक्षरात का सहदेवच्या मळ्यातून वाचता येईन. स्टुडिओत तेच तबलजी, तेच व्हायोलिनवाले, ह्या वेळी कोणी हसलं नाही. 'इंद्रभानजी' म्हणत होते. मलकापूरच्या फलाटावर उतरलो तं छाती भरून आली होती.

घरी वाजवाचं यंत्र नाही. म्हणून गीताले नुसती दाखवली. ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलून राह्यली होती. फोटो पाह्यला, म्हणे, "कोट चांगला आहे." मंग म्हणे, "वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. सगळं. माझं नाव तीन जागी आहे, तिन्ही वेळा वाचलं. भक्तिगीत, लावणी, कोळीगीत, प्रत्येकाच्या खाली कोणाची चाल ते लिहिलं आहे. मंग चौथी. "चाल: पारंपरिक. संयोजन: वामनराव."

तिनं विचारलं, "हे पारंपरिक कोण आहे?"

म्हटलं, "तो माणूस नसते. चाल कोणी रचली ते कोणालेच माहीत नसलं का तसं छापतात."

तिनं शेंगेतले दाणे ताटात टाकले. दुसरी शेंग घेतली, तीही सोलली.

मंग म्हणे, "तुमाले तं माहीत होतं."

आन् ताट उचलून आत चुलीपाशी गेली. मी तबकडी पाकिटात घातली.